‘ऑल सीझन’ टायर, मे महिन्यातलं नागपूर आणि समृद्धी महामार्ग

पोस्ट मोठी आहे. गाडी असो नसो, वाचा, कारण शेवटी काळी-पिवळीत बसणाऱ्यांचाही विषय येतो.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आत्येभावाच्या मुलीचा साखरपुडा होता, छत्रपती संभाजीनगरला. गाडी सात सीटर, पेट्रोल, दोनशे हॉर्सपॉवरची. माणसंही मोजून सात. मी, बायको, दोन पोरं, आई-बाबा आणि मेहुणा. सातही सीट भरल्या की डिक्की नावालाच उरते, म्हणून बॅगा वर कॅरियरवर आणि आहेराचं सामान सगळ्यांच्या पायाशी. दुपारी एकच्या सुमारास मेहकर मागे टाकलं. बाहेर ४३ डिग्री. काटा ११८ वर. मागून एकदम धप्प असा आवाज आला आणि गाडीची शेपूट डावीकडे ओढली गेली.

मागचा डावा टायर गेला होता.

मी ब्रेक मारला नाही. हे माझं कौशल्य म्हणून सांगत नाहीये, पाय हललाच नाही. स्टिअरिंग घट्ट धरलं, ॲक्सिलरेटर सुटला, गाडी आपोआप मंदावत गेली आणि कडेला लागली. नंतर कळलं की करायचं असतं ते हेच. मागे ट्रक नव्हता, हे नशीब. सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं केलं. आईच्या डोक्यावर पदर, पदरावर टॉवेल. धाकटा विचारत होता, "बाबा, आपण मेलो असतो का?" त्याला उत्तर दिलं नाही.

आता या घटनेवर नातेवाइकांच्या ग्रुपवर काय चर्चा झाली ते तुम्हाला सांगायची गरज नाही. "समृद्धीचा रस्ताच तसा आहे." "सिमेंट तापतं ना, टायर वितळतात." "त्या रस्त्याला काहीतरी आहे." एका काकांनी तर लिंबू-मिरचीचा फोटोही टाकला.

मी महिनाभर हेच धरून बसलो होतो. रस्ता वाईट, ऊन वाईट, आपण बिचारे. मग टायरच्या दुकानात माणसानं तो फाटका टायर रिमवरून उतरवला आणि आत हात घालून मूठभर काळी पूड बाहेर काढली. रबराचा चुरा. टायरच्या आतल्या भिंतीवर गोल फिरलेला घासल्याचा पट्टा होता. तो म्हणाला, "भाऊ, हा एका दिवसात नाही गेला. हवा कमी होती याच्यात लई दिवसांपासून."

हवा कमी होती, कारण ती मीच कमी करून घेतली होती.

निघायच्या आठ-दहा दिवस आधी हवेवाल्याकडे गेलो होतो. त्यानं सांगितलं, "उन्हाळ्यात हवा कमीच ठेवा भाऊ, नाही तं फुटते टायर." मी मान हलवली. त्यानं सत्तावीसवर आणली. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर भरलेल्या गाडीसाठी छत्तीस लिहिलंय. चार वर्षांत मी तो स्टिकर वाचला नव्हता. आणि त्यानंतर डॅशबोर्डवर तो घोड्याच्या नालेसारखा पिवळा दिवा लागला होता, मधे उद्गारचिन्ह असतं तो. मला वाटलं, हवा कमी केली म्हणून लागलाय, लागू दे. म्हणजे गाडी सांगत होती आणि मी ऐकत नव्हतो.

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवा" हा सल्ला नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर सगळीकडे मिळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टायर गरम होतो तो मुख्यतः उन्हानं किंवा सिमेंटनं नाही. तो गरम होतो वाकण्यानं. चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो दबतो, वर गेला की पुन्हा सरळ होतो. ११८ च्या वेगात हे सेकंदाला साधारण चौदा वेळा होतं. एखादी तार सारखी इकडून तिकडे वाकवली की कशी गरम होऊन तुटते, तसंच. हवा जेवढी कमी तेवढी टायरची भिंत जास्त वाकते, जास्त तापते, आतले थर सुटायला लागतात आणि मग एक दिवस मेहकर येतं. ऊन आणि तापलेला रस्ता यात भर नक्की घालतात, पण सुरुवात तिथून होत नाही.

आणि तापल्यावर हवेचा दाब वाढतो त्याचं काय? वाढतो ना. थंड टायरमध्ये ३३ असेल तर पळाल्यावर ३८-३९ होतो. ते टायर बनवणाऱ्यांनी धरलेलंच असतं. टायरच्या भिंतीवर कमाल दाब छापलेला असतो, साधारण ४४ किंवा ५१, आणि फुटायला त्याच्याही बरंच वर जावं लागतं. ३९ नं चांगला टायर फुटत नाही. म्हणून गाडी तासभर पळवून पंपावर गेलात आणि हवा जास्त दिसली, तर काढू नका. हवा सकाळी मोजायची, गाडी घरातून निघताना, टायर थंड असताना. नायट्रोजन भरा, नाही भरा, मला त्यात पडायचं नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. चाकामागे वीस-तीस रुपये देऊन नायट्रोजन भरणारा आणि नंतर दोन महिने न मोजणारा माणूस रोज साधी हवा बघणाऱ्या ट्रकवाल्याच्या मागेच राहणार.

असो. आता टायर घ्यायचे होते. चारही घ्यायचे ठरवलं, कारण उरलेले तिघेही तेवढीच कमी हवा खाऊन त्याच रस्त्यावरून आले होते.

भाचा जर्मनीत आहे, स्टुटगार्टजवळ. त्याला फोटो पाठवले तर लगेच उत्तर, "मामा, ऑल-सीझन घ्या, कटकटच नको." दुकानात गेलो तर तिथेही तेच. "सर, हा ऑल सीझन आहे, बारा महिने चालतो." मला वाटलं, वा, दोन्हीकडून एकच सल्ला, म्हणजे बरोबरच असणार.

नंतर भाच्याशी नीट बोललो तेव्हा कळलं की दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. त्यांच्याकडे उन्हाळी टायर वेगळे, हिवाळी वेगळे. साधारण सात डिग्रीच्या खाली पारा गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते. बर्फ, चिखल, गोठलेला रस्ता अशा वेळी तिथे हिवाळी खुणेचे टायर कायद्यानंच लागतात. डोंगराच्या तीन शिखरांत बर्फाची चांदणी, अशी ती खूण. ज्याला वर्षातून दोनदा टायर बदलायचे नसतात तो दोन्हीच्या मधला, म्हणजे ऑल-सीझन घेतो. भाच्याच्या तोंडातला ‘सीझन’ म्हणजे बर्फ आणि बिनबर्फ.

आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा आठ-दहावर आला तर आपण शेकोटीचे फोटो टाकतो. सात डिग्रीचा प्रश्न आपल्या टायरला पडतच नाही. उलट खरोखर बर्फासाठी बनवलेला मऊ रबराचा, बारीक चिरांचा टायर नागपूरच्या मे महिन्यात १२० नं पळवला तर तो लवकर झिजेल आणि वळणावर लुसलुशीत वाटेल. आणि दुकानदार ज्याला ‘ऑल सीझन’ म्हणतो त्यावर बऱ्याचदा ती बर्फाची खूण नसतेच, नुसतं एम अधिक एस असं लिहिलेलं असतं. ती चिखल-बर्फाची अक्षरं उत्पादक स्वतःच टाकतो, त्यासाठी बर्फावर परीक्षा द्यावी लागत नाही. जर्मनीत तर ऑक्टोबर २०२४ पासून नुसती ती अक्षरं असलेला टायर हिवाळी म्हणून चालतच नाही.

मग आपले सीझन कोणते? समृद्धीकडेच बघा ना. ७०१ किलोमीटरचा एकच रस्ता. एक टोक नागपूरला, जिथे मे महिन्यात ४५. दुसऱ्या टोकाकडे इगतपुरी, जिथे नागपूरच्या साधारण तिप्पट पाऊस पडतो. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा उघडला आणि आता सकाळी नागपुरातून निघालेला माणूस संध्याकाळी कोसळत्या पावसात उतरतो, त्याच चार टायरवर. आपला ऑल सीझन म्हणजे हा. कडक ऊन आणि धो धो पाणी. दुकानात ‘ऑल सीझन आहे का’ असं विचारून यातलं काहीच कळत नाही.

मी जे विचारलं ते सांगतो. दुकानदार वैतागला, पण सांगतो.

पहिलं, तारीख. टायरच्या भिंतीवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. मला पहिल्यांदा जे चार टायर दाखवले त्यातले दोन अडीच वर्षं जुने होते. "नवेच आहेत सर, वापरलेले नाहीत." रबराला हे कोणी समजावायचं? दुकानातही ते म्हातारं होतंच. मी सहा महिन्यांच्या आतले मागितले आणि चार दिवसांत आले. म्हणजे मिळतात. फक्त मागावे लागतात.

दुसरं, भार आणि वेग. आमचा साइज २३५/६० आर १८. त्याच्यापुढे १०३ व्ही असं लिहिलंय. १०३ म्हणजे एका टायरवर ८७५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंत. एच असेल तर २१०, टी असेल तर १९०. तुम्ही म्हणाल १२० च्या रस्त्याला २४० कशाला? वेगासाठी नाहीच. ज्याला जास्त वेगाची परीक्षा द्यावी लागते त्याला उष्णताही जास्त झेलावी लागते, म्हणून. जड आणि ताकदवान गाडीला कंपनीनं जो आकडा-अक्षर दिलंय त्याच्या खाली यायचं नाही, चाकामागे दोन हजार वाचत असले तरी. आणि ते ८७५ किलो पुरेशी हवा असताना. सत्तावीसवर ठेवलेला टायर तेवढं ओझं घेतच नाही. आम्ही सात जण आणि आहेर त्याच्यावर लादला होता.

काही टायरवर तापमानाची श्रेणीही छापलेली असते, ए, बी, सी. ए म्हणजे ताशी १८५ किलोमीटरच्या वर पळवूनही तापणं सहन करतो. विदर्भात राहणाऱ्यानं ए च्या खाली बघूच नये, असं माझं मत.

तिसरं, ओल्या रस्त्यावरची पकड. इथे दुकानदार गप्प झाला. "सगळ्यांची सारखीच असते सर." नसते हो. सगळ्यांची सारखी असती तर युरोपात प्रत्येक टायरवर ए ते ई असा शिक्का कशाला लावला असता? तिथे लेबल बघून साधा माणूसही सांगू शकतो की हा पावसात लवकर थांबेल आणि हा उशिरा. आपल्याकडेही ओली पकड, आवाज आणि घरंगळताना होणारा विरोध यांची किमान पातळी केंद्रानं २०२२ मध्ये अधिसूचना काढून बंधनकारक केली. चांगलं केलं. पण ती पास-नापासची रेघ झाली. पास झालेल्यांत पहिला कोण आणि काठावरचा कोण, हे मला काउंटरवर उभं राहून कळायचं कसं? इंधन बचतीचे तारे काही टायरवर दिसतात. पण तारे पेट्रोल वाचवण्याचे. पावसात धाकट्याला वाचवण्याचे तारे कुठे आहेत?

शेवटी मी परदेशी चाचण्या वाचून, त्याच मॉडेलचं नाव शोधून टायर घेतले. १६ हजाराला एक, चारांचे ६४. त्यातले साडेतीन हजार चाकामागे कर, कारण तेव्हा टायरवर जीएसटी २८ टक्के होता, म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या रांगेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. आज तोच टायर पावणेपंधरा हजारात येईल. माझे पाच हजार गेले, जाऊ द्या, निर्णय योग्यच आहे. टायर चैन कधीच नव्हती.

आता सरकारकडे वळतो, नाहीतर पोस्ट नुसती माझ्या मूर्खपणाची होईल.

१ जुलै २०२३ ची रात्र बुलढाणा जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली, २५ माणसं गेली. चालकानं टायर फुटल्याचं सांगितलं. आरटीओच्या अहवालानं टायर फुटल्याच्या खुणा नसल्याचं नोंदवलं. तेव्हापासून मला वाटतं, ‘टायर फुटला’ हे आपल्याकडे सगळ्यात सोयीचं वाक्य आहे. चालकाला सोयीचं, मालकाला सोयीचं, रस्ता बांधणाऱ्यालाही. टायर साक्ष द्यायला येत नाही. त्याआधी सुरुवातीच्या काळात परिवहन विभागानं समृद्धीच्या प्रवेशावर टायर तपासले, गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या, मीही हसलो होतो. पण त्या तपासणीत नक्षी बघत होते. नियमही नक्षीचाच आहे, १.६ मिलिमीटर. माझ्या टायरला साडेचार मिलिमीटर नक्षी होती. मला सलाम करून आत सोडलं असतं.

१२० चा रस्ता बांधलात, उत्तम केलंत. मग प्रत्येक इंटरचेंजला हवेचं चालू मशीन आणि बरोबर दाखवणारा गेज ठेवायला काय हरकत होती? पेट्रोल पंपावर हवा फुकट देणं बंधनकारक आहे, तरी निम्म्या ठिकाणी "मशीन बंद आहे भाऊ" ऐकू येतं, आणि जिथे चालू आहे तिथल्या दोन मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मी स्वतः एकाच सकाळी तीन ठिकाणी मोजलं. ३३, ३०, ३५. एका टायरची तीन वयं. किराणा दुकानाचा तराजू वैधमापनवाले तपासतात, मग हवेचा काटा तेवढ्याच नियमानं का तपासला जात नाही?

काही मित्र म्हणतात, पीयूसीसारखं दरवर्षी टायरचं सर्टिफिकेट करा. मला ते पटत नाही. पीयूसी कशी मिळते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आणखी एक कागद, आणखी एक चिरीमिरी. खासगी गाडीची फिटनेस पंधरा वर्षांनी होते हे चूकच, पण त्यावर कागद हा उपाय नाही. मला दंड नकोय, माहिती हवीय. दुकानात प्रत्येक टायरसमोर मराठीत मोठ्या अक्षरात तीन गोष्टी लिहिणं सक्तीचं करा. कधी बनला, पावसात किती लवकर थांबतो, किती उष्णता झेलतो. आणि टोलच्या पावतीच्या मागे एक ओळ छापा की दारावरचा स्टिकर वाचा. खर्च किती येईल?

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

नवे टायर बसवले त्या दिवशी दुकानदारानं विचारलं, "जुने तीन देता का? आठशे धरतो एकाचे." मी हो म्हणालो. बिलातून चोवीसशे कमी झाले. मला बरंच वाटलं. गाडी बाहेर काढताना सहज विचारलं, याचं करता काय? म्हणाला, "नक्षी आहे ना अजून. काळी-पिवळीवाले घेतात. खेड्यातल्या फेऱ्या, कुठे पळवायचीय त्यांना."

तेव्हा मी काही बोललो नाही. घरी आलो, जेवलो. रात्री आठवलं की त्या तिघांपैकी एकाच्या आतल्या भिंतीवर तसाच काळा पट्टा मी स्वतः पाहिला होता, बोट फिरवून पाहिला होता. तो ठीक नव्हता. हे मला माहीत होतं, दुकानदाराला माहीत होतं. ज्याच्या जीपला तो लागणार, ज्या जीपमध्ये दहा-बारा माणसं बसणार, त्याला माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी परत गेलो. म्हटलं ते तीन टायर मला परत द्या, पैसे घ्या. तो हसला. "कधीचे गेले ते सर." कुणी नेले विचारलं. "नाव कोण लिहितं जुन्या टायरचं?"

उमरेड रोडला काळी-पिवळी दिसली की आजही माझी नजर आधी चाकाकडे जाते. बाहेरून काहीच कळत नाही.